कोरड्या हातांनी केलेली खूण

पाणी तपासायला आणणारी माणसं पाण्यापेक्षा बघण्यासारखी असतात. तीस वर्षं प्रयोगशाळेत काढली, त्यातली निम्मी काउंटरवर. त्यामुळे हे मी ऐकीव सांगत नाही.

एकदा पेठेतले एक गृहस्थ काचेच्या बरणीतून पाणी घेऊन आले. झाकण उघडलं तर आंब्याचा वास आला.

"अहो, यात मुरंबा होता का?"

"होता. पण धुतलीय मी."

"कशाने?"

"पाण्याने."

"कुठल्या?"

"ह्याच की!"

मी बरणी परत केली आणि पाणी राहू द्या, मुरंबा असेल तर तपासून देते, असं सांगितलं. त्यांनी वर तक्रार केली. माझं बोलणं तिखट आहे हे साहेबांना ठाऊक होतं. त्यांनी तो कागद माझ्याच हातात दिला आणि म्हणाले, "फायलीला लावा, तुमच्या."

दुसरे एक जण दोन बाटल्या घेऊन आले, एक स्वतःच्या नळाची आणि एक शेजाऱ्याच्या. "आमचं नापास झालं तरी हरकत नाही," ते मला म्हणाले, "पण त्यांचं झालंच पाहिजे." एक आजी गंगाजल घेऊन आल्या होत्या. ते पिण्याच्या लायकीचं नाही असा रिपोर्ट हातात दिला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे करुणेने पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमच्या यंत्राचं पुण्य कमी पडलं गं."

हे किस्से मी लग्नाकार्यात खूप सांगितले आणि माणसं हसली. पण जो सांगायला हवा होता तो कधीच सांगितला नाही. आज तो सांगायचा आहे, म्हणून आधी आमचं काम काय असतं ते थोडक्यात सांगते.

पाण्यात जंतू आहेत की नाहीत हे डोळ्यांना दिसत नाही. आम्ही ते पाणी थोडं थोडं काचेच्या नळ्यांत घालतो. नळीत जंतूंचं खाद्य असतं आणि एक चिमुकली नळी उपडी बुडवलेली असते. मग त्या नळ्या माणसाच्या अंगाइतक्या उबेत दोन दिवस ठेवायच्या. माणसाच्या आतड्यातले जंतू पाण्यात असले तर ते वाढतात, वायू सोडतात आणि उपड्या नळीत बुडबुडा धरतो. बुडबुडा धरला म्हणजे कुठेतरी गटाराचं पाणी पिण्याच्या पाण्यात शिरतंय. एवढं साधं आहे ते.

पण त्याआधी बाटलीची गंमत आहे. नमुन्याची बाटली आम्हीच देतो. लोक विहिरीच्या पाण्यात जंतू मारायची पांढरी पावडर टाकतात, तिचा क्लोरीन पाण्यात असतो. बाटलीत भरलं तरी तो आपलं काम थांबवत नाही. पाणी बसने चार तास प्रवास करून आमच्याकडे येईपर्यंत तो उरलेसुरले जंतू मारून मोकळा होतो आणि पाणी नळाला होतं त्याहून स्वच्छ होऊन पोचतं. म्हणून बाटलीत आधीच एका औषधाचे चार थेंब घालायचे. आम्ही त्याला नुसतं 'थायो' म्हणायचो. भाजी शिजली की खालचा गॅस बंद करतो ना, तसं थायो क्लोरीनला जागच्या जागी थांबवतं. थेंब घातल्यावर बाटल्या वाफेच्या भट्टीत तापवायच्या. मग तळाशी एक पुसट पांढरा डाग राहतो. लोकांना ती घाण वाटायची. "बाटली मळकी होती हो, मी साबण लावून लख्ख केली," असं अभिमानाने सांगणारे मला महिन्याला दोन तरी भेटत. मग मी त्यांना लख्ख करायची.

बाटल्या तयार करण्याची एक वही होती. तीत चार रकाने होते: धुतल्या, थायो, टोपी, भट्टी. प्रत्येकात बरोबरची खूण करायची. आणि इथे आमची एक पद्धत होती, जी कुठल्याही नियमात नव्हती. काम करताना हात ओले असतात, शाई फुटते, पान खराब होतं. म्हणून सकाळी आल्या आल्या, हात कोरडे असताना, चारही रकान्यांत खुणा करून टाकायच्या आणि मग कामाला लागायचं. माझ्या आधीच्या बाई तसंच करायच्या, मीही तेच शिकले. त्यामुळे माझी वही देखणी असे. इतक्या वर्षांत एक खाडाखोड नाही. तपासणीला येणारे साहेब ती वही इतरांना दाखवायचे. मला त्याचा गर्व होता. हो, गर्वच म्हणते, अभिमान हा फार सभ्य शब्द झाला.

माझ्या कामात खोडायची परवानगी एकाच ठिकाणी होती. रिपोर्टच्या छापील कागदावर खाली 'पिण्यास योग्य / अयोग्य' असं असायचं आणि नको तो शब्द खोडायचा असायचा.

तेव्हा धायरीच्या पुढे शेतंच होती. तिथे टेकडीच्या पायथ्याशी चाळीसेक घरांची एक वसाहत होती. शहरात भाड्याने राहणाऱ्या कारागिरांनी मिळून जागा घेतली होती. शिंपी, गवंडी, सुतार, असे सगळे. नळयोजना तिथवर पोचली नव्हती. त्यांची स्वतःची विहीर होती, वर टाकी आणि टाकीपासून शेवटच्या घरापर्यंत एकच नळ. वसाहतीचे सेक्रेटरी होते रशीदभाई. मंडईच्या मागे त्यांचं स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान होतं. दर महिन्याला ते स्वतः नमुना घ्यायचे, बर्फाच्या डब्यात ठेवायचे आणि दुकान उघडण्याआधी माझ्या काउंटरवर आणून द्यायचे. बाटली कधी धुतली नाही, तोंडाला बोट लावलं नाही, चिठ्ठीवर वेळ लिहायला विसरले नाहीत. इतक्या वर्षांत मला असं गिऱ्हाईक दुसरं मिळालं नाही.

त्यांचा एक नेम होता. आमच्याकडून आलेला प्रत्येक कागद, चांगला असो वाईट असो, ते वसाहतीच्या फळ्यावर लावायचे आणि रविवारी सगळ्यांना वाचून दाखवायचे. एकदा उन्हाळ्यात 'अयोग्य' आला. तोही लावला. मी म्हटलं, "रशीदभाई, लोक तुम्हालाच बोलतील." ते हसले. "ताई, चांगला तेवढा लावला तर लोक फळा वाचतील कशाला?"

वर्षातून दोनदा मी पाहणीला जायची. एका श्रावणात गेले तेव्हा नळाच्या अगदी टोकाच्या घरातली बाई दारात उभी होती. सुनंदा तिचं नाव. नवरा विठ्ठल, गवंडीकाम करायचा. ती पोटुशी होती, तिसरा-चौथा महिना असेल. मला म्हणाली, "बाई, पान्याला वास येतोय."

मी भांडं नाकाशी धरलं. मला काही कळलं नाही. "कसला वास?"

"सांगता येत न्हाई. पर हाय."

रशीदभाई बरोबरच होते. ते म्हणाले, "ही पंधरा दिवस पाणी उकळून पितेय, ताई. रेशनचं रॉकेल सगळं त्यातच जातंय, स्वैपाक चुलीवर करते."

"करू दे की," मी म्हटलं. "उद्या नमुना आणा. नाकाचं काही खरं नसतं. रिपोर्ट आला की कळेल."

हे मी म्हटलं. नाकाचं काही खरं नसतं.

दुसऱ्या दिवशी रशीदभाईंनी नमुना आणला, सुनंदाच्याच नळाचा. बाटली मी आदल्या दिवशी जाताना दिली होती, त्याच आठवड्यात तयार केलेल्या खेपेतली. दोन दिवसांनी नळ्या पाहिल्या. एकीतही बुडबुडा नव्हता. मी 'अयोग्य' या शब्दावर पट्टी धरून सरळ रेघ मारली, साहेबांची सही घेतली, कागद रशीदभाईंच्या हातात दिला. त्यांचा चेहरा उजळला. "चला, पोरीला सांगतो, आता स्टोव्हला सुट्टी."

पुढल्या महिन्यात ते आले नाहीत. बायकोच्या माहेरी काही होतं, नमुना चुकला. त्यानंतरच्या महिन्यात आले ते बाटली न घेता. काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले.

"ताई, वसाहतीत कावीळ निघालीय. सात जण. सगळी नळाच्या शेवटाकडची घरं."

"सुनंदा?"

"दवाखान्यात नेलंय."

मी त्याच दिवशी तिकडे गेले आणि स्वतः पाच ठिकाणचे नमुने घेतले. टाकीजवळचे दोन बरे निघाले. टोकाकडचे तिन्ही असे की एकूण एक नळीत बुडबुडा. रस्त्याच्या कडेला नळ फुटला होता आणि शेजारून गटार जात होतं. तो काही आठवड्यात फुटलेला नव्हता. खणल्यावर जी माती निघाली ती महिनोन् महिने भिजलेली होती. सुनंदाला येत होता तो वास हाच.

गरोदरपणातली कावीळ फार वाईट असते. सुनंदा गेली. पोटातलं मूलही गेलं.

साहेब माझ्या टेबलाशी आले. "दीड-दोन महिन्यांपूर्वी याच नळाचं पाणी आपण योग्य म्हटलंय. कसं काय? बाटल्या ठीक होत्या ना?"

मी वही उघडून त्यांच्यापुढे धरली. "वहीत खूण आहे, साहेब."

ते गेल्यावर मी कपाट उघडलं. त्या खेपेतल्या पाच बाटल्या मागच्या रांगेत शिल्लक होत्या. एकेक काढून उजेडात धरली. तळ स्वच्छ होते. पाचही बाटल्यांचे. पुसटसुद्धा डाग नव्हता.

आणि मग मला तो दिवस जसाच्या तसा आठवला. थायो संपलं होतं, नवं करायचं होतं. तराजूच्या खोलीत दुसऱ्या कुणाचं काम चाललं होतं. म्हटलं, जेवून करू. जेवून आले ती थेट टोप्या बांधायला बसले, कारण वहीत पाहिलं तर थायोपुढे खूण होती. माझीच. सकाळी कोरड्या हातांनी केलेली.

त्या दिवशी विहिरीत पावडर टाकलेली होती, तसं नमुन्याच्या चिठ्ठीवर होतं. बाटलीत थायो नव्हतं. क्लोरीनने वाटेत सगळं साफ केलं आणि मी त्या साफ पाण्याला योग्य म्हटलं. सुनंदाच्या घागरीतलं पाणी मात्र तेवढा वेळ थांबत नव्हतं. ते भरलं की प्यायलं जात होतं.

आता कुणी म्हणेल, थायो असतं तरी नमुना कदाचित बराच निघाला असता. अशी शक्यता असते, मी ती नाकारत नाही. स्वतःला समजवायला मी ती पुष्कळ वेळा वापरली आहे. पण समजूत पटली नाही.

मी त्या पाच बाटल्यांत गुपचूप थेंब घातले आणि पुन्हा भट्टीत लावल्या.

नोकरी गेली नसती. हे मला तेव्हाही माहीत होतं. साहेब भले माणूस होते. ठपका आला असता आणि त्या पानावर एक खाडाखोड झाली असती, बस्स. मी एका खाडाखोडीला भ्याले. लोक पोटासाठी खोटं बोलतात, मुलाबाळांसाठी बोलतात, त्यांचं मी समजू शकते. मी एका देखण्या पानासाठी गप्प बसले.

एवढ्यावर थांबले असते तरी ते पाप निम्मं राहिलं असतं. पण वसाहतीला खुलासा पाठवायचा होता आणि मसुदा करायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं: 'नमुना घेताना बाटलीत जंतुनाशक पावडरीचा अंश गेला असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' साहेबांनी वाचलं, म्हणाले, "होय, असंच झालं असेल," आणि सही केली. ते वाक्य पूर्ण माझं. त्यात एकही शब्द खोटा नाही, हे पाहा. शक्यता नाकारता येत नाही! असं लिहायला आम्ही नोकरीत शिकतो.

तो कागद रशीदभाईंनी फळ्यावर लावला. स्वतःच्या हातांनी. आमच्याकडून आलेला प्रत्येक कागद लावायचा, हा त्यांचा नेम.

मग व्हायचं ते झालं. सेक्रेटरीने मुद्दाम पावडर टाकून रिपोर्ट पास करून घेतला, नळ दुरुस्तीची कटकट नको म्हणून, असं लोक बोलू लागले. काही जण त्याहून वाईट बोलले. काय बोलले असतील ते मी लिहीत नाही, आपण सगळे इथलेच आहोत. ज्यांची घरं रशीदभाईंनी धडपड करून उभी केली होती, त्यांनी त्यांच्या घरचा चहा सोडला.

ते एकदाच आमच्याकडे आले, बर्फाचा डबा परत करायला. डबा काउंटरवर ठेवला आणि अगदी हळू विचारलं, "ताई, हाताला लागलेली पावडर एवढी असते का हो, की बाटलीभर पाणी साफ होईल?"

मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं नाही. डब्याचं झाकण लावत म्हटलं, "असू शकते."

ते "बरं" म्हणाले आणि निघून गेले. महिन्याभरात त्यांनी घर विकलं, पुढे मंडईमागचं दुकानही बंद झालं. त्यानंतर मी खुणा काम झाल्यावरच करायला लागले. हात ओले, पानं डागाळलेली. नवीन मुली विचारायच्या, बाई, तुमची वही अशी का? मी सांगायची, वही पाण्याची आहे, भिजणारच. विनोद म्हणून खपून जायचं. निवृत्तीच्या दिवशी मात्र साहेबांच्या जागी आलेल्या साहेबांनी कपाटातून ती जुनी देखणी वही काढली आणि उंच धरून सगळ्यांना दाखवली. टाळ्या वाजल्या. मी हातातला पेढा तसाच धरून बसले होते. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं.

यंदा दिवाळी अंकासाठी 'पाण्याच्या गमतीजमती' लिहून द्या, असा निरोप आला. मुरंबा, गंगाजल, सगळं झरझर उतरलं. चौथ्या पानावर हात थांबला. मी चपला घातल्या आणि मंडईत गेले. रशीदभाईंच्या जुन्या दुकानाशेजारी पत्रावळीवाले अजून आहेत. त्यांच्याकडून पत्ता घेतला. विश्रांतवाडी, मुलाकडे.

दार त्यांनीच उघडलं. ऐंशीच्या घरात आले आहेत, पण ओळखलं लगेच. "अरे, ताई! पाणीवाल्या ताई! या, या." आत सुनेला हाक मारली, "बेटा, चाय रखो." मी म्हटलं, चहा नंतर, आधी ऐका. आणि सांगून टाकलं. थायो, खूण, पाच बाटल्या, ते वाक्य. मधे थांबले नाही, कारण थांबले असते तर पुढे बोलताच आलं नसतं.

त्यांनी सगळं ऐकलं. मग स्वतःचे दोन्ही हात मांडीवर उलटे-सुलटे करून पाहिले.

"त्या सकाळी विहिरीत पावडर मीच टाकली होती," ते म्हणाले. "मग हात धुतले. दोनदा धुतले, चांगलं आठवत होतं मला. पण तुमचा कागद वाचला आणि वाटलं, नसतील धुतले. तुमच्या कागदावर माझा माझ्या हातांपेक्षा जास्त भरवसा होता, ताई."

"म्हणजे तुम्हाला..."

"इतकी वर्षं मला वाटतंय की ती पोरगी माझ्यामुळे गेली. त्यानंतर दुसऱ्यासाठी म्हणून मी कुठे सही केली नाही. पुतणीच्या निकाहला साक्षीदार व्हा म्हणाले, नाही म्हटलं. भाऊ रुसला माझ्यावर. त्याला काय सांगणार होतो?"

मला रडू आवरलं नाही. लोकांचा आळ त्यांच्यावर आला हे मला माहीत होतं. तो त्यांनी स्वतः खरा मानला असेल, हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. मला आपलं वाटायचं, मनातून त्यांना ठाऊक असेल की आपण निर्दोष आहोत. तेवढ्या आधारावर मी झोपत होते.

"रागवा हो माझ्यावर," मी म्हटलं.

"या वयात?" ते म्हणाले. मग विचारलं, "विठ्ठलला सांगितलंत?"

"नाही."

"मग माझ्याकडे आधी का आलात?"

मी खरं तेच सांगितलं. "तुम्ही दाराबाहेर काढणार नाही असं वाटलं."

"तेच ना," ते म्हणाले. आवाज पहिल्यांदा जरा चढला. "सुनंदा ऐकत नव्हती, ताई. मी कागद वाचून दाखवला तरी पाणी उकळतच होती. म्हणायची, कागद काय का म्हणंना, वास हाय. मग विठ्ठल चिडला. सरकारी कागद खोटा आणि तू खरी का, म्हणाला, आणि चालू स्टोव्ह त्याने विझवला. स्मशानातून आल्यावर हे त्याने मला सांगितलं. मला एकट्यालाच नाही, सगळ्यांना सांगत सुटला होता. तुम्ही आधी तिकडे जायला हवं होतं."

चहा आला. मी घेतला. त्यांनी मला जिन्यापर्यंत पोचवलं आणि म्हणाले, "उद्याच जा."

उद्याच गेले नाही. चार दिवस लावले. वसाहत ओळखू येत नाही आता. चहूकडून इमारती आल्या आहेत, घरोघरी महापालिकेचं पाणी आहे. विठ्ठलचं घर मात्र तिथेच आहे, शेवटचं. तो ओट्यावर बसून पोत्यातल्या शेंगा निवडत होता. त्याने पुन्हा लग्न केलं नाही, हे मला वाटेत किराणावाल्याकडून कळलं होतं. मी कोण ते सांगितलं. त्याला आठवलं. "बसा," म्हणाला.

मी रशीदभाईंना सांगितलं तेच पुन्हा सांगितलं, सोप्या शब्दांत. चूक माझी होती. रशीदभाईंनी काही केलं नव्हतं. पाणी वाईटच होतं आणि माझा कागद चुकीचा होता.

त्याने हातातली शेंग फोडली, दाणे बाजूला ठेवले.

"म्हंजी सुनंदाचं बरोबर व्हतं."

"हो. तिचंच बरोबर होतं."

"वास व्हता."

"होता."

त्याने पोत्यातून दुसरी शेंग उचलली. मी बोलणी खायच्या तयारीने गेले होते. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, त्याचीही मला चोरटी आशा होती. त्याने काही दिल्या नाहीत.

"तिची आई हितंच, खालच्या गावात ऱ्हायची," तो म्हणाला. "माझी पोर वास हाय म्हणत हुती आन् तू स्टो इझवलास, म्हणायची. मी म्हणायचो, आई, कागद आलता, सरकारी कागद. ती म्हणायची, कागद खरा आन् माझी पोर खोटी व्हय? कदीच बोलली न्हाई मग. समोरनं गेलो तर तोंड फिरवायची. कुणीतरी येऊन सांगाया पायजे हुतं तिला, की तिची पोर खरी हुती."

"अजून आहेत त्या?" मी विचारलं. "मी आत्ता जाते. तुम्ही बरोबर चला, मी सांगते त्यांना."

"गेली. दोन वर्सं झाली."

पस्तीस वर्षांचा हिशेब मनाशी बांधून गेले होते, त्याची क्षमा कशी मागायची ते बसमध्ये घोकलं होतं. विठ्ठलने पस्तीस वर्षांचं नावही काढलं नाही. पोतं जवळ ओढलं आणि खाली बघतच म्हणाला, "दोन वर्सं आधी आला आसता तरी चाललं आसतं, बाई."